गारगोटीतली खाच

सुरतेच्या उधना स्टेशनवर उतरलो. रिक्षावाल्याने ताईच्या गोडादऱ्याऐवजी भेस्तानच्या रस्त्याला रिक्षा घातली आणि मी एवढा ओरडलो, की तो म्हणाला, "काका, शांती राखो!" राग त्याच्यावर नव्हताच. खिशात कापूस घातलेली रिकामी डबी होती आणि मनात एक जुने खोटे.

मी खनिजांचे नमुने जमवतो. माझी चुलतबहीण मंगलताई हिच्याकडे तिच्या सासऱ्यांनी दक्षिणेतल्या खाणीतून आणलेला खडा होता. पांढऱ्या गारगोटीवर आपोआप उगवलेले, आठ पैलूंचे सोन्याचे स्फटिक. अशा खड्याचे मोल वजनात नसते, घडणीत असते. मला ते ठाऊक होते. तरी तिला म्हणालो होतो, "ताई, सोनं म्हणजे सोनं. आकाराला कोण विचारतो? वजनाच्या भावात मला देऊन टाक." तिने दिला नाही. मीही खरे सांगितले नाही. आज सांगायला आलो होतो.

साड्यांचे गठ्ठे लादलेल्या टेम्पोंमधून वाट काढत घर गाठले.

"कवय उना भाऊ?" (कधी आलास?) ताईने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली.

"आत्ताच. ताई, तो खडा दाखव."

नुकतेच लग्न झालेली भाची हसत पुढे आली. मंगळसूत्रात दोन वाट्या, एक सासरची, एक माहेरची. "ही माहेरची, मामा. आजोबांच्या सोन्याची!"

घास ताटात टाकून मी गल्लीच्या टोकाच्या सोनाराकडे गेलो. "असला खडा फोडताना हात कसा धजला तुझा?"

त्याने मान वर केली नाही. "काका, सोनुं एटले सोनुं." (सोनं म्हणजे सोनं.)

माझेच वाक्य, गुजरातीत.

परत येऊन चुलीपाशी ताईला सगळे सांगून टाकले. तिचे हात पिठात थांबले.

"आते सांगीसन काय फायदा?" (आता सांगून काय उपयोग?) "तेव्हा बोलला असतास तर मी माझ्या बांगड्या मोडल्या असत्या. तुझ्यावर भरवसा ठेवून तो दिला मी सोनाराला." मग आवाज दाबून, "पोरीला चकार शब्द कळता कामा नये."

निघताना तिने कागदाची पुडी माझ्या हातावर आदळली. सोनाराने परत दिलेला गारगोटीचा तुकडा. "ने. तुझंच आहे हे."

भुसावळच्या गाडीत पुडी उघडली. पांढऱ्या दगडात खाच होती, पैलूंचे ठसे अजून स्पष्ट.

नमुन्याखाली मी चिठ्ठी लावतो: काय, कुठले, कोणाकडून. या चिठ्ठीवर चौथी ओळ वाढवली आहे: कोणी मोडले. तिथे सोनाराचे नाव नाही.