मालक फार कडक आहेत

आईची कापडी बॅग माझ्या गिंडीच्या फ्लॅटमध्ये दाराच्या मागे ठेवलेली असे. ती माझ्याकडे आली त्या दिवसापासून बॅग तिथेच होती आणि भरलेलीच होती: दोन-चार साड्या, औषधांचा डबा, पितळी निरांजन. अण्णा नगरच्या आमच्या घरात आई न्हाणीत घसरून पडली होती आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत तशीच पडून राहिली होती. त्यानंतर तिने माझ्याकडे यायचं कबूल केलं, ते एका अटीवर.

"घर अंधारांत ठेवूं नक्को. दिवाळीस तेथें दिवा लागला पाहिजे. कोणी आलें नाहीं तर मी जातें."

आई तंजावरचं मराठी बोलते. माझं लिहिण्याचं मराठी पुण्यात शिकत असताना कमावलेलं. अट दोन्हींत सारखीच स्पष्ट होती. दिवाळीपर्यंत भाडेकरू मिळाला नाही, तर पंचाहत्तरी ओलांडलेली, एकदा पडलेली बाई त्या घरात पुन्हा एकटी राहायला जाणार होती. बॅग त्यासाठीच तयार होती.

माझे वडील, अप्पा, आवडी या उपनगरात संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. नोकरीभर आम्ही तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहिलो आणि अण्णा नगरचं घर भाड्याने दिलेलं असे. भाडेकरू आणायचा तो एकच एजंट. अप्पा निवृत्त झाल्यावर आम्ही त्या घरात राहायला गेलो आणि एजंटचं काम संपलं. तीन वर्षांपूर्वी अप्पा गेले. आता घर पुन्हा द्यायचं ठरल्यावर आईने त्याचंच नाव सुचवलं. मी किल्ली त्याच्याकडे दिली.

तो बसायचा एका झेरॉक्सच्या दुकानात, कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर. पांढरा शर्ट, पांढरी, लुंगीसारखी वेष्टी, समोर मोबाइल उपडा ठेवलेला. मला तो अजून "पाप्पा" म्हणत असे. तमिळमध्ये लहान मुलीला म्हणतात तसं.

"आडि लागला, पाप्पा. आडि महिन्यात कोण घर बदलतं?"

आडि हा तमिळ महिना संपला. मी फोन केला.

"मुहूर्त कमी आहेत."

मग दिवाळीआधीचा पुरट्टासी महिना आला. "या महिन्यातही लोक टाळतात." मधल्या काळात मी स्वतः इंटरनेटवर जाहिरात टाकली. लोक घर बघायला जात, कुलूप बघत, शेजाऱ्यांना विचारत. शेजारी त्यांना झेरॉक्सच्या दुकानात पाठवत. तिथून पुढे कोणीही मला फोन करत नसे. फाटकावरची "टू लेट"ची पाटी उन्हाने फिकी होत चालली.

माझी उभी हयात न्यूज डेस्कवर गेली आहे. टाळाटाळीची उत्तरं ओळखणं हे तिथलं रोजचं काम. या माणसाने मात्र मला एकदाही "नाही" म्हटलं नव्हतं. एकही खोटी तारीख दिली नव्हती, एकही खोटा भाडेकरू सांगितला नव्हता. धरावं असं वाक्यच त्याच्या बोलण्यात सापडत नसे.

मग डेस्कवरच्या एका नव्या मुलीकडून कळलं की तिच्या ओळखीच्या दोघी घर शोधत आहेत. दोघी नाशिकच्या, गाड्यांचे भाग डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. त्यांना भेटून मी पत्ता सांगितला, तर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तिथे आम्ही विचारलंय मॅडम. ते काका म्हणाले, घर गेलं."

घर गेलेलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा फोन करायला सांगितलं, दुसरीच्या नंबरवरून, स्पीकरवर. आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलो होतो. मुलगी मोडक्या तमिळमध्ये आणि इंग्रजीत बोलत होती. तोही तिच्यासाठी तसाच बोलत होता.

"फॅमिली?"

"नाही, आम्ही दोघी. दोघी नोकरी करतो."

"संध्याकाळी सहाला घरी कोण असतं?"

"सहाला? सहाला कोणीच नसतं."

"मग दिवा कोण लावणार? सार विचारतील." तमिळ बोलण्यात 'सर'चा 'सार' होतो.

"कोण सार?"

"घराचे मालक. फार कडक आहेत. सहाला दिवा पाहिजे. दारात रांगोळी पाहिजे, स्टिकरवाली नाही. अंडंसुद्धा नाही. भिंतीत खिळा मारायचा तर आधी सारना दाखवायचा, केवढा आहे तो."

मुलीने फोनवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "खिळा दाखवायचा?"

मी मानेनेच खुणावलं, पुढे बोल. तिला काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, "आमची एक ओळखीची मॅडम आहे, ती पाहिजे तर बोलेल तुमच्याशी. न्यूजमध्ये आहे."

"प्रेस?" पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "प्रेस, पोलीस, वकील यांना सार पायरीसुद्धा चढू देणार नाहीत. तुम्ही दुसरं घर बघा, अम्मा. सारना मी काय तोंड दाखवू?"

फोन बंद झाला. दोघी हसत सुटल्या. मी हसू शकले नाही. खिळ्याची गोष्ट अप्पांची होती. आवडीच्या क्वार्टर्समध्ये कॅलेंडर लावायलासुद्धा ते आधी खिळा हातात घेऊन बघत. सहाचा दिवा त्यांचा होता, स्टिकरच्या रांगोळीवरचा रागही त्यांचाच. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला गेले काही महिने अप्पा भेटत होते, आणि नाकारत होते.

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. दोन माणसं आधार कार्डाच्या प्रती काढत होती. मी सरळ विचारलं, "सार कोण?"

तो खुर्चीतून उठला. वेष्टी गुडघ्यांवर दुमडलेली होती, ती त्याने खाली सोडली. तमिळ माणूस मोठ्यांसमोर सोडतो तशी. माझ्यासाठी त्याने ती कधी सोडली नव्हती.

"तुमचे वडील, पाप्पा."

"अप्पा वारलेत. तुम्ही स्मशानात आला होतात."

"आलो होतो. पुढच्या बाजूला खांदा मीच दिला." आणि मग, समजावण्याच्या सुरात, "पण सारनी मला सांगितलं होतं, घर कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही. ते कोणी बदललं नाही ना?"

"मी बदलते आहे. घर आता आईचं आहे. मी तिच्या वतीने सांगते, त्या दोघींना द्या."

तो हसला. त्या हसण्यात उपहास नव्हता. शाळेतल्या मुलीने मोठ्यांच्या कामात लक्ष घातल्याचं कौतुक होतं.

"पाप्पा, सार म्हणायचे, भाडं कमी मिळालं तरी चालेल, पण," आणि इथे त्याच्या तमिळ वाक्यात मध्येच एक शब्द आला, "चोखट माणसं पाहिजेत."

चोखट. चांगली, खरी, नितळ. हा शब्द महाराष्ट्रात आता बोलण्यात राहिलेला नाही. तंजावरच्या घरांत आहे. दुकानातली दोन माणसं आणि झेरॉक्स यंत्राचा प्रकाश यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एका तमिळ माणसाने तो अप्पांच्या उच्चारात म्हटला, 'ख'वर तसाच किंचित जोर देऊन.

"तुम्हाला तो शब्द माहीत आहे?"

"म्हणजे काय. घरं द्यायच्या धंद्यातला शब्द आहे. मी सगळ्या पार्ट्यांना सांगतो."

मी काय ठरवून गेले होते ते मला आठवतं. किल्ली परत मागायची, पाटीवरचा नंबर बदलायचा. त्यातलं काहीच केलं नाही. इतकी वर्षं मी बातम्यांमधून माणसांच्या आज्ञा वाचत आले आहे. त्या कशा निघतात, कशा पातळ होतात आणि संध्याकाळपर्यंत कशा विसरल्या जातात, हे मी पाहिलं आहे. कारखान्यातल्या एका साध्या सुपरवायझरने एका एजंटला तोंडी सांगितलेली गोष्ट त्याच्या मरणानंतरही जशीच्या तशी पाळली जात होती. त्यात एजंटचा फायदा नव्हता. उलट हातचं गिऱ्हाईक जात होतं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरींस आण."

रविवारी त्या दोघी आल्या. आईने कॉफी दिली आणि थेट विचारलं, "दिवा लावशील काय गे?"

मोठी मुलगी म्हणाली, "रोज सहाला नाही जमायचं, आजी. खोटं कशाला बोलू? आम्हाला यायलाच आठ होतात."

"आणि अंडें?"

"ते खातो आम्ही."

आईने कप उचलून आत नेले. त्या गेल्यावर मला वाटलं, संपलं. दिवाळी जवळ आली होती. आई उठून दारापाशी गेली, तेव्हा ती बॅग उचलणार असंच मला वाटलं. तिने बॅगेशेजारच्या स्टुलावरचा फोन घेतला आणि मला एजंटचा नंबर स्पीकरवर लावायला सांगितला.

ती तमिळमध्ये बोलली. सारची बायको म्हणून तिचा आवाज कसा असे हे मी विसरले होते.

"मी बोलते. त्या दोन मुली. मी सारना विचारलं. द्या म्हणाले."

पलीकडून अतिशय आदराने, "दिवा, अम्मा?"

"कामावरून आल्यावर लावतील. चालेल म्हणाले."

"अंडं?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. भिंतीवर अप्पांचा फोटो नव्हता. तो अण्णा नगरच्या घरातच राहिला होता.

"पहिल्यांदा काही बोलले नाहीत," आई म्हणाली. "मग म्हणाले, मुली चोखट आहेत. खाऊ देत."

"सरि, अम्मा." म्हणजे बरं. उद्याच घर झाडून घेतो, पहिलं दूध उतू घालायला स्वतः थांबतो, असं तो सांगत राहिला. कोणतीही शंका नाही, कोणताही मुहूर्त नाही. शेवटी मात्र त्याने विचारलं, "आणि प्रेसचं, अम्मा? पाप्पा येणार-जाणार त्या घरात…"

"तें विचारलें नाहीं," आई मराठीतच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

अप्पांनी प्रेसची ती अट माझ्या नोकरीच्या आधी घातली होती की नंतर, हे मीही कधी विचारलं नाही.

आई दाराच्या मागे गेली. बॅग ओढत आत घेऊन आली आणि पलंगावर बसून एकेक साडी काढून माझ्या कपाटात ठेवू लागली. सगळ्यात शेवटी निरांजन निघालं. ते कुठे ठेवायचं हे तिने मला विचारलं.