चौकात टाकलेली मिरची

थूमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लातूरच्या भाजी बाजारात, टोमॅटो थुंकताना. भाजीवालीला विचारून त्यांनी ढिगातला एक टोमॅटो उचलला, शर्टाच्या बाहीला पुसला, चावला आणि बाजूच्या नालीत थू केलं. "हे टमाटं हाय का रबरी चेंडू? गाईलाबी घालू नये." भाजीवाली नुसती हसली. तिला सवय असावी. मी नुकतीच बिलोलीहून लग्न होऊन आले होते. मला शिसारी आली. आणि हा माणूस आपला सख्खा शेजारी आहे हे घरी पोचल्यावर कळलं.

ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. कॉलनी तोंडावर त्यांना मास्तर म्हणे आणि पाठीमागे थूमामा. मी मामा म्हणायचे. अंगणात त्यांनी ऑइलपेंटचे रिकामे डबे मांडले होते. त्यांत पिवळे, नाशपातीच्या आकाराचे टोमॅटो, हिरव्या पट्ट्यांचे टोमॅटो आणि बोराएवढ्या लाल टोमॅटोंचे घोस लगडलेले असत. एका डब्यात मामांची लाडकी मिरची. तिची पानं जांभळी, फळं आभाळाकडे तोंड करून उभी. ती आधी काळीकुळकुळीत असत आणि पिकली की लालभडक होत.

येणारा-जाणारा थांबायचा, मोबाइल काढायचा आणि म्हणायचा, "मास्तर, लई शोभा आली बघा दारात." झालं! मामांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. "शोभा भिंतीवर टांगायची असती. हे खायाचं हाय. खा." लोक हसून टोमॅटो घ्यायचे, खिशात टाकायचे आणि वळणावर गेले की फेकून द्यायचे. पिवळा टोमॅटो म्हणजे औषध मारलेला, काळी मिरची म्हणजे विषारी, असं त्यांचं ज्ञान. फाटकापाशी चिरडलेले ते टोमॅटो मी कितीदा झाडून काढले आहेत. थुंकणाऱ्या मामांपेक्षा मला या गोड हसणाऱ्यांची किळस येऊ लागली ती तेव्हापासून.

रोप मागायला मात्र सगळे यायचे. मामांचा एकच नियम होता: "चाखल्याबिगर बी न्हाई." हे ऐकलं की मागणारे हात हलवत परत जायचे. पण नियमामागे कारण होतं. मिरचीच्या फुलावर दुसऱ्या जातीचा पराग पडला की पुढच्या वर्षी रंग तोच राहतो, पण चव बिघडते. म्हणून ते फुलांना मलमलच्या पिशव्या बांधत आणि प्रत्येक झाडाचं फळ चाखूनच बी धरत. एका वर्षी शेजारच्या ढोबळी मिरचीच्या परागानं घोटाळा केला. ती सगळी मिरची त्यांनी चाखली, थुंकली आणि होतं नव्हतं तेवढं बी चुलीत घातलं. पुढच्या वर्षी एका जुन्या पुडीच्या तळाशी राहिलेल्या शेवटच्या बियांतून चांगली मिरची आली ती त्या एकाच डब्यात. टोमॅटोचं जुनं बी शिल्लक होतं, मिरचीचं नव्हतं.

त्या डब्यावर समोरच्या काकूंचा डोळा होता. काळी मिरची दारात लावणं म्हणजे करणीचा प्रकार, असं त्या कॉलनीभर सांगत. पण दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधायची वेळ आली की त्याच काकू पदराआड हात घालून मामांच्या डब्यातल्या मिरच्या तोडत. काळ्या मिरचीनं नजर लवकर उतरते म्हणे! वर लिंबू, मध्ये मामांच्या मिरच्या, खाली बिब्बा. जी मिरची ओठाला लावायला या बाई तयार नव्हत्या, तीच त्यांच्या घराची राखण करत होती. मी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "चोरती, पण खात न्हाई. काय उपेग?"

मग मामांच्या मुलाचा साखरपुडा ठरला. मुलगा पुण्याहून आला. सजावटवाले आले. मामा दुपारी जरा पडले होते, तेवढ्यात त्या पोरांनी सगळ्या डब्यांवर सोनेरी रंगाचा फवारा मारला. नुसत्या डब्यांवर नाही, पानांवर, टोमॅटोंवर, मिरच्यांवरही. वरून चमकी उधळली. मामा बाहेर आले तेव्हा मुलगा कौतुकानं म्हणाला, "पप्पा, फोटोत कसलं भारी दिसतंय!"

मामांनी पाहुण्यांना हसून पेढे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकेक रोप मुळासकट उपटलं. मी धावत गेले. "मामा, रंग वरून लागलाय. आतलं बी चांगलं असेल. मिरचीचं तेवढं तरी काढून ठेवू." ते म्हणाले, "ही चाखता येती का? मग हिचं बी कशाला? कायमची शोभाच करायची का हिची?" मला त्या मुलाचा, सजावटवाल्यांचा आणि खरं सांगायचं तर मामांचाही संताप आला. इतकी वर्षं जपलेली मिरची हा माणूस स्वतःच्या हट्टापायी मारत होता.

त्या शनिवारी काकूंनी दाराची जुनी लिंबू-मिरची काढून चौकात टाकली. ती फवाऱ्याच्या आदल्या दिवशी तोडलेली होती. चौकातली लिंबू-मिरची आपल्याकडे कोणी ओलांडतसुद्धा नाही, गाडीवाले वळसा घालतात. मामा सरळ चालत गेले, वाकले आणि तो दोरा उचलला.

काकू दारातून किंचाळल्या, "ओ मास्तर! टाका ते! नजरेचं हाय!"

"असू द्या. तिच्यात बी हाय."

काळ्या मिरच्यांचं बी कच्चंच होतं. दोन मिरच्या मात्र दोऱ्यावर सुकता सुकता लाल झाल्या होत्या. मामांनी त्या आमच्या नळावर धुतल्या आणि चौकातल्या सगळ्या माणसांसमोर एक चावली. लोकांनी तोंडं फिरवली. एकानं तर नाकाला रुमाल लावला. मामा डोळे मिटून चावत राहिले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "तीच हाय," म्हणाले आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

बी हवं तर खाणं भाग होतं. तिला धुळीचा वास होता, बिब्ब्याचा काळा डाग होता. मी डोळे मिटून शेंड्याचा तुकडा तोडला. आधी कडवट धूळ लागली, मग आंबूस गोडी आणि मग असं तिखट की कान बधिर झाले. मामांनी उरलेली मिरची चिरून त्यातलं बी माझ्या तळहातावर झटकलं. "आता तू सांभाळ. मला पोरगं पुण्याला न्यायलंय. तिथं गॅलरीत प्लास्टिकचं गवत हाय म्हणं."

पुण्यात ते वर्षभरही राहिले नाहीत. झोपेतच गेले. काकू अजून सांगतात, मास्तर त्या नजरेच्या मिरचीनं गेले. ती मीही खाल्ली होती आणि मी धडधाकट आहे, हे त्यांच्या हिशेबात येत नाही.

आता ती मिरची माझ्या दारात आहे. लोक फोटो काढतात, शोभा म्हणतात, खात नाहीत. आणि शनिवारी काकू पदराआड हात घालून येतात. मला खिडकीतून सगळं दिसतं. अंगाचा तिळपापड होतो, पण मी आवाज देत नाही. उद्या माझ्या झाडांचं काही बरंवाईट झालं तर एक दोरा त्यांच्या दारात असलेला बरा. त्यांना फक्त काळ्या मिरच्या हव्या असतात, म्हणून हाताशी येईल अशा फांदीवर मी दोन-चार पिकायला आलेल्या, पण अजून काळ्याच दिसणाऱ्या मुद्दाम ठेवते.