स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या वहिनी

स्टँडसमोरचं हॉटेल वहिनींच्या सासऱ्यांनी उभं केलं, असं गावात सांगतात. ते निम्मंच खरं. उभं केलं दोघांनी. मग सासऱ्यांनी भर दुपारी भागीदाराला जिन्यावरून ढकललं, तो पाय मोडून घेऊन गाव सोडून गेला आणि पाटीवर एकच नाव राहिलं. गिऱ्हाइकं चहा पीत होती. कुणी उठलं नाही.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा गल्ल्यावर सासरे होते आणि हाताखाली नवरा तयार होत होता. खाण तशी माती. चहा गार असल्याची तक्रार आली, तर नवऱ्याने अख्खी किटली वेटरच्या अंगावर ओतली. "ओरडला ना? मग गरमच होता," म्हणून वर हसला. वहिनींच्या वाट्याला पळी, पट्टा, हाताला लागेल ते. सासूबाई म्हणायच्या, "सोस मुकाट्याने. हॉटेल म्हटलं की डोकं तापतंच." जशी काही भट्टी डोक्यातच पेटवतात!

पुढे असल्याच एका भांडणात कुणीतरी नवऱ्याच्या पोटात सुरी खुपसली. वहिनी रडल्या, पण खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंही वाटलं. मुलगा लहान होता. वहिनींनी एकच ध्यास घेतला: या पोराने कुणावर हात उगारता कामा नये. स्वतः गल्ल्यावर बसल्या, त्याला शिव्यांपासून लांब ठेवलं, शिकवलं, गरीब स्वभावाची मुलगी बघून लग्न लावलं.

एका सकाळी गर्दीत सुनेकडून भाजी करपली. मुलाने तिचं मनगट धरलं आणि तापल्या तव्यावर टेकवलं. टेकवलं कसलं, दाबून धरलं. पोरीची किंकाळी बाहेरच्या बाकापर्यंत गेली. बाहेर बशा वाजतच राहिल्या.

"सोड तिला!" वहिनी धावल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस. हॉटेल असंच चालवायचं असतं."

आवाज थेट बापाचा. वहिनींच्या हाताला लाटणं लागलं. पहिल्या घावाला त्याची बोटं सुटली, दुसऱ्याला मनगट मोडलं. तिथे थांबायला हवं होतं. त्या थांबल्या नाहीत. आचाऱ्याने कमरेला मिठी घालून मागे ओढलं, तेव्हा मुलगा रक्तबंबाळ होऊन मोरीपाशी "आई गं, आई गं" करत पडला होता.

लाटणं टाकून वहिनी सुनेकडे वळल्या. भाजलेलं मनगट बघायला त्यांनी हात पुढे केला.

पोर भिंतीला चिकटली. दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "पुन्हा नाही करपवणार, आई."