कपाटातलं कानाचं मशीन

आमच्या संस्थेत एक रीत होती. पाहुणे येऊन हार-नारळ झाल्याशिवाय कुठलीही वस्तू वाटायची नाही. शाळेची दप्तरं असोत की पाण्याचे फिल्टर, आधी बॅनर, मग वाटप. ही रीत मीच लावली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने कुंडल भागातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी कानाची मशीनं दिली. तपासणी झाली, प्रत्येकाच्या कानाचा साचा घेतला, मशीनं आली. खोक्यांवर नावं होती. एकाचं मशीन दुसऱ्याच्या कानात बसणारच नव्हतं. तरी मी ती कपाटात कुलूपबंद ठेवली, कारण कंपनीच्या साहेबलोकांची तारीख मिळत नव्हती. एकदा तर मंडळी महाबळेश्वरला मीटिंगला गेलेली. मी चरफडलो आणि बॅनरवरची तारीख तेवढी बदलून घेतली.

त्यातच एक जवान ऑफिसात आला. सुट्टीवर आला होता, आईचं नाव यादीत होतं.

"साहेब, बुधवारी माजी सुट्टी संपतीया. आईला आता काय बी ऐकू येत न्हाई. मी हितं हाय तवर चार शब्द बोलीन म्हनतो. तिचं मशीन आधी द्या की."

"कंपनीचा नियम आहे," मी बिनदिक्कत म्हणालो. "कार्यक्रमाआधी देता येत नाही."

तो हुज्जत घालेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. पण फौजेतला माणूस, नियम म्हटल्यावर उठलाच. हात जोडून गेला. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

कार्यक्रम शुक्रवारी झाला. त्याच्या आईच्या कानात मशीन बसवलं, फोटो निघाला. मी माइक पुढे केला. "आजी, येतंय का ऐकू?"

"येतंय की. समदं येतंय," त्या म्हणाल्या. "ल्योक गेला परवा."

टाळ्या जरा उशिराच वाजल्या.

चहा घेताना मी कंपनीकडून आलेल्या अधिकारी बाईंना जवानाची हकिकत सांगितली, तीही त्याच्या शिस्तीचं कौतुक म्हणून. त्यांचा कप हातातच राहिला. "अहो, मग द्यायचं ना आधी! आमची कुठं अट होती? फोटो नंतर काढला असता."

खरंच, अट नव्हती. करार माझ्याच टेबलाच्या खणात होता. विचारायला एक फोन पुरला असता, तो मी केला नव्हता.

रविवारी जवानाचा फोन आला. आईशी फोनवर पोटभर बोलणं झालं म्हणाला. मी सगळं कबूल करायचं ठरवलं होतं, पण तोच पुढे बोलत राहिला.

"साहेब, त्या दिशी उगाच तुमास्नी अडचणीत टाकलं. माज्या आईला दिलं असतं तर समद्यांनी मागितलं असतं. नियम पाळला, बरं केलं तुमी."

"हो," मी म्हणालो.