धूरमामाची माघार

हा माणूस आयुष्यात एकदाच हरला, तेही मुद्दाम, आणि त्या एका हरण्यानं साऱ्या घराच्या तोंडचं पाणी पळवलं. एरवी तो हरणाऱ्यातला नव्हता. चूक स्वतःची असली तरी तो ती समोरच्याच्या गळ्यात घालून, वर त्यालाच चहा पाजून घरी पाठवायचा.

धूरमामा हे नाव त्याच्या भाचीनं लहानपणी ठेवलं. मामा गल्लीत शिरला की आधी आवाज यायचा, मग निळसर धूर यायचा आणि त्या धुरातून शेवटी मामा बाहेर पडायचा. नाव असं चिकटलं की दुकानात येणारी गिऱ्हाइकंही त्याला धूरमामाच म्हणू लागली. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. मधोमध झिजलेलं सिलिंडर आतून तासायचं, म्हणजे बोअर करायचं, उभं मशीन, कोपऱ्यात घासलेल्या पिस्टनांचा ढीग, आणि पायाखाली कायम लोखंडाचा चुरा. त्याची बायको त्याला चपला बाहेर काढल्याशिवाय घरात घेत नसे, आणि काढल्यावरही नाक मुरडून घेई.

पोटासाठी तो सगळ्याच इंजिनांची सिलिंडरं बोअर करी. जीव मात्र टू-स्ट्रोकवर. ऐन विशीत त्यानं भंगारातून एक निळी स्पोर्ट्स मोटरसायकल उचलली होती, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. इंजिन पोत्यात आणि बाकीची गाडी हातगाडीवर, अशी तिची वरात घरी आली. वडील म्हणाले, "लोक गाडीवर बसून येतात, आमचे चिरंजीव गाडी पोत्यात घालून आले." पुढचं वर्षभर त्यानं दुसरं काही केलं नाही. शेवटी ती सुरू झाली तेव्हा धुरानं शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले, आणि याला मात्र आकाश ठेंगणं झालं.

त्या गाडीचा स्वभाव त्याच्यासारखाच. सुरुवातीला रुसल्यागत कुरकुरत चालायची, आणि एकदा का वेग चढला की अशी सुटायची की हँडल घट्ट धरायला लागे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजावं लागे, मायलेज विचारू नये असं, आणि पिस्टन तापून कधी अडकून बसेल याचा नेम नाही. पण हलकी, साधी, आत ना व्हॉल्व्ह ना त्यांची साखळी. "बिघडायला आत आहेच काय?" असं तो म्हणायचा, आणि दर दोन महिन्यांनी ती उघडून बसायचा.

अशा माणसाच्या थोरल्या बहिणीनं लग्न केलं ते फोर-स्ट्रोकवाल्याशी.

भाऊजी पाणीखात्यात नकाशे काढायचे. पेन्सिलीला टोक कसं करावं यावरही त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्याकडे लाल स्पोर्ट्स मोटरसायकल होती, एका दांडग्या सिलिंडरची. टाकी पुसायचं फडकं वेगळं, चाकं पुसायचं वेगळं, आणि त्यांची अदलाबदल झाली तर घरात चौकशी बसायची. पहिल्याच भेटीत त्यांनी मेहुण्याची निळी गाडी ऐकली आणि विचारलं, "हिला दमा आहे का?" तिथं जी ठिणगी पडली ती तीस वर्षं विझली नाही.

दर रविवारी धूरमामा ताईकडे जेवायला यायचा आणि पहिला घास घेण्याआधी भांडण सुरू व्हायचं. भाऊजी म्हणायचे, "आमच्या इंजिनात शिस्त आहे, मेहुणे. आत घ्या, दाबा, पेटवा, बाहेर टाका. प्रत्येक कामाला आपापली खेप. तुमचं म्हणजे जेवता जेवता चूळ भरणारं इंजिन."

"आणि तुमचं? एका फेरीत काम, दुसऱ्या फेरीत सुट्टी! सरकारी इंजिन आहे ते, भाऊजी. आमचं दर फेरीला राबतं."

"राबतं आणि लवकर मरतं."

"मरतं, पण जगून मरतं!"

ताई दोघांना वाढत राहायची. तिला पक्कं माहीत होतं की या दोघांचा एकमेकांवर भारी जीव आहे, आणि तो बोलून दाखवायला दोघांकडे भांडणाशिवाय दुसरी भाषा नाही. एखाद्या रविवारी धूरमामा आला नाही तर भाऊजींना जेवण जात नसे, आणि कारण विचारलं की ते भाजीत मीठ कमी असल्याचं सांगत.

मग भाऊजींच्या मानेवर गाठ आली. डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासायला पाठवला आणि थांबायला सांगितलं. थांबणं भाऊजींना जमण्यासारखं नव्हतं. ते खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले आणि दिवसचे दिवस मानेवरची गाठ चाचपत राहिले. ताईनं भावाला फोन केला आणि बोलण्याऐवजी रडलीच.

धूरमामा धावत गेला. वाटेत त्यानं फळं घेतली, पण फळं हातात धरल्यावर त्याला ती फारच थोडी वाटली. घाबरलेल्या माणसाला द्यावं तरी काय? भाऊजींना आजवर न दिलेली अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. त्यानं मनाचा हिय्या केला, खुर्चीजवळ स्टूल ओढलं आणि म्हणाला, "भाऊजी, खरं सांगू? तुमचंच बरोबर होतं. फोर-स्ट्रोक ती फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे नुसता धूर आणि आवाज."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कुठले डॉक्टर?"

"बरं, राहू दे," असं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. धूरमामाला वाटलं, भाऊजींना भरून आलं. आपण मोठ्या मनाचं काम केलं या समाधानात तो घरी गेला आणि बायकोलाही ते दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी दोघा नवराबायकोला बोलावलं आणि हसून सांगितलं, गाठ साधी आहे, चरबीची. त्रास नसेल तर तिला हातही लावू नका. ताईचा जीव भांड्यात पडला. भाऊजींचा पडला नाही. ते डॉक्टरांकडे असे बघत होते, जणू शाळकरी पोरानं पाठ केलेली कविता म्हणून दाखवली.

घरी आल्यावर त्यांनी आवराआवर सुरू केली. पाण्याच्या टाकीचा कुठला नळ कुठे जातो ते ताईला समजावलं. "माझ्यानंतर हा आधी बंद करायचा." चांगल्या पेन्सिली ऑफिसातल्या पोरांना वाटल्या. ताटात दोन घास ठेवून उठू लागले. माझ्यानंतर हे, माझ्यानंतर ते, असं ऐकून ऐकून ताईचा संयम सुटला. "अहो, डॉक्टर काही नाही म्हणतायत ना? मग कशाला चाललंय हे?"

"डॉक्टरांना तसं बोलायला तुम्ही बहीणभावांनीच सांगून ठेवलंय," भाऊजी शांतपणे म्हणाले. "तुझा भाऊ मला म्हणाला, टू-स्ट्रोक वाईट. चांगला शुद्धीत होता. तो असं कुणापुढे म्हणेल ते मला कळतं गं. मरणाऱ्या माणसापुढेच."

ताई तशीच उठून भावाच्या दुकानात गेली. मशीन चालू होतं. तिनं स्वतः बटण दाबून ते बंद केलं.

"काय बोलून ठेवलंस रे यांना?"

"मी? मी तर चांगलंच बोललो!"

"त्याचंच तर झालंय!"

सगळं ऐकल्यावर धूरमामानं मशीनवरचं काम तसंच टाकलं. त्यानं हातही न धुता भाऊजींचं घर गाठलं आणि धापा टाकत सांगितलं, "मी खोटं बोललो होतो. टू-स्ट्रोकच भारी. फोर-स्ट्रोक म्हणजे डबा!" भाऊजी मायेनं हसले. म्हणाले, "खरं आहे. टू-स्ट्रोक हलकी असते. पिकअपही चांगला." तीस वर्षं हे शब्द ऐकायला धूरमामा आसुसला होता, आणि आता ते कानांना नको झाले. वर भाऊजींनी लाल गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली. "ही तुम्हीच ठेवा. तुमच्या हाताखाली नीट राहील."

चावी घेऊन तो जिना उतरला तेव्हा त्याला पुढचं दिसत नव्हतं. डोळे पुसून त्यानं गाडी काढली. दुकानात नेऊन झाकून ठेवावी, एवढाच विचार. आयुष्यभर त्यानं फोर-स्ट्रोक इंजिनं पोटातून बघितली होती, पण तसल्या गाडीवर बसायची वेळ कधी येऊ दिली नव्हती. गाडी एका किकला सुरू झाली. कमी वेगातही ती बिनतक्रार ओढत होती. 'बरी आहे की,' असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं लगेच स्वतःला शिवी घातली.

गल्ली संपली की मोठा उतार होता आणि उताराच्या टोकाला वळण. तिथं त्यानं तेच केलं जे रोज निळ्या गाडीवर करायचा. रेस सोडली, दोन गिअर खटाखट खाली टाकले आणि क्लच सोडून दिला. टू-स्ट्रोकला त्याचं काही वाटत नाही. रेस सोडली तरी ती बहिऱ्यासारखी पुढे जातच राहते, थांबवायचं ते ब्रेकनं. फोर-स्ट्रोक तशी नसते. रेस सोडली की इंजिनच गाडीला मागे खेचतं. हे त्याला डोक्यानं माहीत होतं, हातापायांना कुणी कळवलं नव्हतं. मागचं चाक किंचाळलं, उडालं, गाडी डावीकडे गेली आणि धूरमामा उजवीकडे, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात.

गाडी ढकलत तो पुन्हा उतार चढला. एका बाजूला गुडघा जळत होता, दुसऱ्या बाजूला डोकं. दारात पोचेपर्यंत तो गाठ विसरला, डॉक्टर विसरला, ताईचं रडणंही विसरला.

"ही गाडी आहे का बैल?" तो दारातूनच ओरडला. "मागून शेपूट धरून ओढते! माणूस पुढं, गाडी मागं! कुणा गाढवानं बनवली ही?"

भाऊजींनी मान वळवली. "किती गिअर टाकलेत?"

"दोन."

"एकदम?"

"मग काय मुहूर्त बघून टाकू?"

"आणि मध्ये रेस दिली नाहीत?"

"थांबायचं असताना रेस द्यायची? अहो, वेडे आहात का तुम्ही लोक?"

भाऊजी खुर्चीतून उठले. कितीतरी दिवसांत ते असे झटक्यात उठले नव्हते. त्यांनी मेहुण्याचा फाटका सदरा बघितला, केसांतली वाळू बघितली, रक्ताळलेला गुडघा बघितला. मग खिडकीतून खाली वाकून गाडी बघितली.

"टाकीला पोचा!" ते कडाडले. "तीस वर्षांत एक ओरखडा नव्हता तिच्यावर! तुमच्या हातात दिली आणि तासाभरात पोचा?"

"मग कशाला दिलीत? घ्या तुमची चावी! परत म्हणून तुमचं खोटं कौतुक करणार नाही. त्या दिवशी तुमचं तोंड बघवेना, म्हणून बोललो. जीभ का नाही झडली माझी!"

"तोंड बघवेना म्हणून?"

"मग काय तर! तुम्ही घाबरला होतात. मीपण घाबरलो होतो."

"म्हणजे डॉक्टर तुम्हाला काही..."

"कसला डॉक्टर घेऊन बसलात! त्या माणसाला मी अजून बघितलंसुद्धा नाही!"

भाऊजी हळूच खाली बसले. त्यांनी मानेवरून हात फिरवला.

"चरबीची?"

"चरबीची. बसून बसून दुसरं काय होणार?"

भाऊजींनी एवढा लांब श्वास सोडला की समोरचा कागद हलला. आयुष्यात पहिल्यांदा धूरमामाला वाटलं की आपण आता गप्प बसावं, आणि तो बसला. पण भाऊजींच्या कपाळावर आठ्या परत आल्या होत्या, अगदी जुन्या, ओळखीच्या.

"पुढच्या रविवारी टेकडीवर यायचं," ते बोट नाचवत म्हणाले. "मागे बसायचं, तोंड बंद ठेवून. फोर-स्ट्रोक उतारावरून कशी आणतात ते दाखवतो. आणि पोचा तुम्ही काढून द्यायचा."

ताई गुडघ्याला लावायला लाल औषध घेऊन दारात आली होती. तिनं ते ऐकलं, बाटली खाली ठेवली, तिथंच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून ओक्साबोक्शी रडू लागली. दोघे पुरुष भांडण टाकून घाबरून तिच्याकडे धावले.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं. "अगं, काय झालं?"

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही भांडा."