आईच्या गळ्यातली पाटी

त्यांनी माझ्या आईच्या गळ्यात पाटी अडकवली. 'मी बेशिस्त आहे. माझ्यासारखा रस्ता ओलांडू नका.'

आईला वाचता येत नाही.

सातपूरचा रस्ता. सकाळची पाळी सुरू व्हायची वेळ. बसस्टॉप या बाजूला, कंपन्यांची गेटं त्या बाजूला. मधे दुभाजक, त्यात एक फट. सिग्नल आणि पांढरे पट्टे पार पुढच्या चौकात. आईचे गुडघे गेलेत. ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते, मी शेजारच्या कंपनीत पॅकिंगला. सगळी पाळी त्या फटीतूनच जाते.

त्या दिवशी फटीपाशी वाहतूक पोलीस उभा. सोबत कुठल्याशा क्लबची माणसं, पांढरे टी-शर्ट घातलेली. रस्ता सुरक्षेची मोहीम म्हणे. स्वतःच्या गाड्या मात्र फुटपाथवर चढवलेल्या.

आई माझ्या पुढे होती. मी पोहोचले तेव्हा क्लबातली एक बाई मोबाईल रोखून म्हणत होती, "आजी, इकडे बघा. हसा!"

आईनं पदर सारखा केला. हसली. तिला वाटलं, सत्कार चाललाय.

माझ्या अंगाची आग झाली.

"काढा ती पाटी."

"ताई, तुमच्याच जिवासाठी आहे हे." असं म्हणत ती दुसरी पाटी घेऊन माझ्याकडे वळली.

"हात लावायचा नाही."

पोलीस पुढे आला. "रस्ता कुठूनही ओलांडायचा नाही, कायदा आहे. सरकारी कामात अडथळा आणतेस का? केस टाकीन."

"टाका. नाव लिहून घ्या माझं. पाटी घालणार नाही."

मी आईच्या गळ्यातली दोरी काढली. पाटी रस्त्यावर फेकली. मागे पाळीच्या बायका थांबल्या होत्या. एकही हलली नाही. पोलिसानं त्यांच्याकडे बघितलं, मग तोंड फिरवलं. "चला, निघा."

फोटो मात्र गेला. दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. कँटीनच्या सुपरवायझरनं आईलाच दाखवला. "मावशी, फेमस झाल्या तुम्ही!"

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय लिवलं होतं गं त्याच्यावर?"

मोबाईलवरच्या फोटोतून वाचून दाखवलं.

आपल्या माणसांच्या गळ्यात एके काळी मडकं असायचं, थुंकीनं रस्ता बाटू नये म्हणून. हे मला लहानपणी आईनंच सांगितलेलं. ती रडली नाही.

"तिथंच का नाय सांगितलं? मीच फेकली असती." मग म्हणाली, "हसले ना मी. त्यांच्या म्होरं हसले."

आता आम्ही एकेकट्या जीव मुठीत धरून पळत नाही. स्टॉपवर थांबतो. बायका जमल्या की हात वर करून एकदम रस्त्यात उतरतो. सगळ्यात पुढे आई. तिच्या चालीनं सगळ्या. हॉर्न वाजतात. शिव्या येतात. येऊ देत.

ते पुन्हा येतील. पुन्हा कायदा सांगतील. पट्टे मारायचे तर इथं मारा. नाही मारले तरी आम्ही इथूनच जाणार. चालत. गाड्यांनी थांबायचं.