कारंज्याला पोळ्याचा रंग

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो!

आमच्या देवळालीतल्या घरापुढं सिमेंटचं कारंजं आहे. मधोमध कमळ, त्यातून पाणी उडतं. बांधलं मोठ्या हौसेनं, पण पुढं बघतंय कोण? शेवाळ माजलं, रंग उडाला, कमळाचा पार कोबी झाला.

अशात आमच्या सायलीला बघायला मिरजगावचे पाहुणे येणार म्हणून निरोप आला. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत होती, फक्त पोराच्या वडलांचा होकार बाकी. म्हटलं, आता कारंजं झळकलंच पाहिजे!

तारेच्या ब्रशनं खसाखसा घासलं, भेगा बुजवल्या. अन् रंग? गोठ्यात पोळ्याचा गुलाबी रंग उरलेला होताच की!

बायको म्हणाली, "अवो, त्यो पान्यात कालवायचा रंग. बैलाच्या अंगावर ठसे मारायचा! दुकानातून ऑइलपेंट आना."

"तुला काय कळतंय? रंग तो रंग!"

पण काय सांगू, कमळ असलं खुललं! मी येता-जाता बघत होतो.

पाहुणे आले. पोराचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोक्यावर टोपी. कारंज्यापाशीच थबकले.

"आमच्याकडं प्यायला टँकर, अन् तुमी पानी हवेत उडवता व्हय?"

"बघाच आता!" म्हणत मी मोटार चालू केली.

धार उसळली ती गुलाबीच! वाऱ्यानं वळली, थेट पाहुण्यांच्या टोपीवर! मोटार बंद करायची सोडून मी शहाणा धावलो कमळावर हात दाबायला. मग काय, बोटांमधून चहूकडं पिचकाऱ्या!

शेवटी बायकोनंच मोटार बंद केली. सायली रडायच्या बेतात. पोरीचं जमलेलं लग्न मोडलं की हो मी!

पाहुण्यांनी टोपी काढली, दोन्ही हातांनी पिळली.

"दर निवडणुकीला पडलो, पर अंगाला गुलाल काय लागला न्हाई. आज तुमच्या दारात लागला! आता माघार न्हाई. पोरगी आमची!"

अन् त्यांनी मला कडकडून मिठी मारली. सायली हसली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

बायको टॉवेल घेऊन आली. माझ्या पाठीवर पाहुण्यांच्या पंजांचे दोन गुलाबी ठसे उमटलेले. तिनं निवांत न्याहाळले अन् म्हणाली,

"शेवटी रंग बैलालाच लागला म्हना! थांबा, झूल आनते."